बक्षीस किती आणि नफा किती?

२०२१ च्या ऑगस्टअखेरीस, पावसाळ्यातील मासेमारीबंदी उठल्यानंतर, पालघर तालुक्यातील मुरबे गावच्या एका बोटीला एकाच फेरीत १५७ घोळ मासे मिळाले. लिलावात त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले. घोळीच्या पोटातील फुग्याला परदेशी बाजारात फार मोठी किंमत मिळते, म्हणून हा भाव. देशभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली.

मुरब्याच्या उत्तरेला, डहाणूच्या खाडीजवळ, धाकटी डहाणू हे मासेमारांचे गाव आहे. तिथला कोणीही अनुभवी तांडेल ही बातमी वाचताना एक आकडा शोधेल आणि तो त्याला सापडणार नाही. त्याच आठवड्यात किती बोटी डिझेल, बर्फ आणि शिधा भरून समुद्रात गेल्या आणि त्यांपैकी किती केवळ खर्च भागवून, किंवा तोही न भागवता, परत आल्या? मिळालेली रक्कम बातमीत येते. ती मिळवण्यासाठी सगळ्यांनी मिळून जो खर्च केला तो बातमीत येत नाही.

या लेखात आपण हाच प्रश्न एका अगदी वेगळ्या क्षेत्रात विचारणार आहोत. पत्त्यांच्या पोकर या खेळाच्या मोठमोठ्या स्पर्धा जगभर भरतात. त्यांत भाग घेण्यासाठी भरभक्कम प्रवेशशुल्क असते आणि जिंकणाऱ्यांची बक्षिसे डोळे दिपवणारी असतात. काही माणसे हाच आपला व्यवसाय मानतात. प्रवेशशुल्क वजा केल्यावर त्यांच्या हाती खरोखर काही उरते का?

पत्त्यांचा हा प्रश्न शिक्षकांच्या मासिकात कशासाठी, असे कोणी विचारेल. याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की समुद्रावरच्या सगळ्या बोटींचा खर्च आणि सगळ्यांचे उत्पन्न कोणी मांडून ठेवत नाही, पण स्पर्धेत किती जण उतरले, प्रत्येकाने किती भरले आणि कोणाला किती मिळाले हे सर्व मोजलेले असते. त्यामुळे संभाव्यतेचा अभ्यास करायला ही जागा सोयीची आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ‘अमुक जण इतके लाख जिंकला’ अशा जाहिराती गेल्या काही वर्षांत मोबाइलवरून आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचल्या. त्या वाक्यात काय सांगितलेले नाही, हे विद्यार्थ्याला ओळखता आले पाहिजे.

दहा फेऱ्यांचा हिशोब

सुरुवात ओळखीच्या उदाहरणाने करू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका बोटीच्या प्रत्येक फेरीला २०,००० रुपये खर्च येतो. दहा फेऱ्यांपैकी नऊ फेऱ्यांत १५,००० रुपयांचे मासे मिळतात आणि एका फेरीत ८०,००० रुपयांचे.

एकूण खर्च २,००,००० रुपये. एकूण उत्पन्न ९ × १५,००० + ८०,००० म्हणजे २,१५,००० रुपये. दहा फेऱ्यांचा नफा १५,००० रुपये, म्हणजे सरासरी फेरीमागे १,५०० रुपये.

यात दोन गोष्टी एकदमच खऱ्या आहेत. दहापैकी नऊ फेऱ्या तोट्याच्या आहेत, आणि तरीही धंदा नफ्यात आहे. जो फक्त नेहमीची फेरी पाहील तो म्हणेल, ‘हा धंदा बुडीत आहे.’ जो फक्त मोठी फेरी पाहील तो म्हणेल, ‘फेरीला साठ हजार सुटतात.’ दोघेही चुकतील. उत्पन्नाचा मोठा भाग जेव्हा क्वचित घडणाऱ्या एखाद्या घटनेतून येतो, तेव्हा अशी फसगत होते. पोकरच्या स्पर्धेचे उत्पन्न याच जातीचे असते, पण त्यातली विषमता कितीतरी जास्त असते.

पोकरची स्पर्धा

पोकर हा ५२ पत्त्यांचा खेळ आहे. त्याच्या सर्वांत प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात आणि मधे पाच पत्ते सगळ्यांसाठी उघडे मांडले जातात. आपले आणि मधले मिळून पाच पत्त्यांचा जो सर्वांत वरचा संच होईल, तो प्रत्येकाचा डाव. पत्ते उघडत असताना टप्प्याटप्प्याने पैज वाढवता येते किंवा डाव सोडून देता येतो. पत्ते कोणते येतील हे नशिबावर आहे. पैज केव्हा वाढवावी आणि केव्हा माघार घ्यावी, हा मात्र हिशोबाचा आणि समोरच्याला ओळखण्याचा भाग आहे.

स्पर्धेत प्रत्येक जण ठरावीक प्रवेशशुल्क भरतो आणि त्याला सारख्याच संख्येने प्लास्टिकच्या चकत्या मिळतात. ज्याच्या चकत्या संपतील तो बाहेर पडतो आणि जो शेवटपर्यंत टिकेल तो पहिला येतो. जमलेल्या शुल्कातून आयोजक आपला हिस्सा काढून घेतात आणि उरलेली रक्कम वरच्या क्रमांकांत वाटली जाते.

याचा एक सरळ परिणाम लक्षात घ्यावा. या व्यवहारात नवे धन कुठेच निर्माण होत नाही. सर्व खेळाडूंनी मिळून जितके भरले त्यापेक्षा कमीच त्यांना सर्वांना मिळून परत मिळते. म्हणून सर्व खेळाडूंचा मिळून सरासरी निकाल नेहमी तोटाच असतो, आणि तो आयोजकांच्या हिश्श्याएवढा असतो. एकाला नफा व्हायचा असेल तर तो दुसऱ्यांच्या तोट्यातूनच यावा लागतो.

एका खऱ्या स्पर्धेचा ताळेबंद

अमेरिकेतील लास व्हेगास येथे दर वर्षी पोकरची सर्वांत प्रसिद्ध स्पर्धा भरते. तिच्या मुख्य स्पर्धेचे प्रवेशशुल्क १०,००० डॉलर आहे. २०२३ साली तिच्यात १०,०४३ प्रवेश झाले. प्रत्येकी १०,००० डॉलरमधून ७०० डॉलर बाजूला काढले गेले आणि ९,३०० डॉलर बक्षिसांच्या रकमेत गेले. १०,०४३ × ९,३०० म्हणजे ९,३३,९९,९०० डॉलर. बाजूला काढलेली रक्कम झाली सत्तर लाख डॉलरहून थोडी अधिक.

बक्षिसे १,५०७ जणांना मिळाली. पहिले बक्षीस १ कोटी २१ लाख डॉलरचे होते, म्हणजे बक्षिसांच्या एकूण रकमेच्या सुमारे १३ टक्के रक्कम एकट्या माणसाला गेली. सर्वांत लहान बक्षीस १५,००० डॉलरचे होते. उरलेल्या ८,५३६ प्रवेशांना, म्हणजे दर शंभरातील ८५ जणांना, काहीही मिळाले नाही.

वृत्तपत्रांत नाव छापून आले ते विजेत्याचे. पण ही स्पर्धा ‘सरासरी’ कशी होती? प्रत्येक प्रवेशामागे ७०० डॉलरचा तोटा. आणि ‘नेहमीची’ कशी होती? १०,००० डॉलरचा तोटा. सरासरी आणि मध्यगा यांतील फरक शिकवायला यापेक्षा ठळक उदाहरण क्वचितच मिळेल.

कौशल्याला काही किंमत आहे का?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सगळ्यांची सरासरी तोट्याची असली तरी जे कुशल आहेत त्यांचे काय?

शिकागो विद्यापीठातील स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स यांनी याच लास व्हेगासच्या २०१० सालच्या स्पर्धामालिकेचा अभ्यास केला. त्यांनी एक महत्त्वाची काळजी घेतली. स्पर्धा झाल्यावर जिंकलेल्यांना ‘कुशल’ म्हटले असते, तर ते कुशल नफ्यात दिसलेच असते, कारण निवडच तशी झाली असती. म्हणून स्पर्धेपूर्वीच्या माहितीवरून, आधीच्या कामगिरीच्या आणि मानांकनांच्या आधारे, त्यांनी ७२० खेळाडू कुशल म्हणून वेगळे काढले आणि मग निकाल पाहिला.

या ७२० जणांना गुंतवलेल्या प्रवेशशुल्कावर सरासरी ३० टक्क्यांहून थोडा जास्त नफा झाला. बाकी सर्वांना सरासरी १५ टक्क्यांहून थोडा जास्त तोटा झाला. म्हणजे कौशल्य असते आणि त्याला किंमतही असते. १०० रुपये भरणाऱ्या कुशल माणसाला सरासरीने १३० रुपये परत मिळाले.

पण हे वाक्य सावकाश वाचायला हवे. हा नफा ७२० जणांचा सरासरी नफा आहे. त्यातील प्रत्येकाला ३० टक्के मिळाले असा त्याचा अर्थ नाही. शिवाय यातून फक्त प्रवेशशुल्क वजा केलेले आहे. विमानाचे तिकीट, हॉटेलचे भाडे, जेवणखाण आणि कर हे खर्च त्यात धरलेले नाहीत. एकेका माणसाच्या वाट्याला काय येते हे पाहण्यासाठी थोडे गणित करू.

शंभर स्पर्धांचे गणित

१६५४ साली ब्लेझ पास्कल आणि पिएर द फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी एकमेकांना काही पत्रे लिहिली. अर्धवट राहिलेल्या खेळातील पैज खेळाडूंत न्यायाने कशी वाटावी, हा त्यांचा विषय होता. त्या विचारातून ‘अपेक्षित मूल्य’ ही कल्पना पुढे आली. प्रत्येक शक्य निकालाची रक्कम त्याच्या संभाव्यतेने गुणायची आणि सर्व गुणाकारांची बेरीज करायची, म्हणजे अपेक्षित मूल्य मिळते.

गणित सोपे राहावे म्हणून एक काल्पनिक स्पर्धा घेऊ. १०० खेळाडू प्रत्येकी १,००० रुपये भरतात. आयोजक १०,००० रुपये ठेवून घेतात आणि उरलेले ९०,००० रुपये एकट्या विजेत्याला देतात.

साधारण खेळाडूची जिंकण्याची संभाव्यता १/१०० आहे. त्याचे अपेक्षित मूल्य ९०० रुपये, म्हणजे दर स्पर्धेला १०० रुपये तोटा. आता यात एक कुशल बाई उतरल्या आहेत असे समजू. त्यांची जिंकण्याची संभाव्यता साधारण खेळाडूच्या दीडपट, म्हणजे १.५/१००, आहे. त्यांचे अपेक्षित मूल्य १,३५० रुपये, म्हणजे दर स्पर्धेला ३५० रुपये नफा. हा ३५ टक्के नफा लेव्हिट आणि माइल्स यांना आढळलेल्या आकड्याच्या जवळपास आहे.

या बाई १०० स्पर्धा खेळल्या. खर्च झाला १,००,००० रुपये. अपेक्षेप्रमाणे ३५,००० रुपये नफा व्हायला हवा. प्रत्यक्षात काय होईल?

एकही स्पर्धा न जिंकण्याची संभाव्यता ०.९८५ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.२२. नेमकी एक स्पर्धा जिंकण्याची संभाव्यता सुमारे ०.३४. पण एक स्पर्धा जिंकून ९०,००० रुपयेच मिळतात आणि खर्च लाखाचा आहे, म्हणून तीही तोट्यातच जमा. दोन्ही मिळून ०.५६. याचा अर्थ, खरोखर कुशल असलेल्या अशा शंभर खेळाडूंपैकी सुमारे ५६ जण १०० स्पर्धांनंतर तोट्यात असतील.

आता साधारण खेळाडूचा हिशोब पाहा. त्याने १०० पैकी दोन किंवा अधिक स्पर्धा जिंकण्याची संभाव्यता सुमारे ०.२६ येते. म्हणजे ज्यांना काहीही विशेष येत नाही अशा १,००० जणांपैकी सुमारे २६४ जण नफ्यात दिसतील. त्यांतले १८ जण तर चार किंवा अधिक स्पर्धा जिंकलेले असतील. एक लाख भरून साडेतीन लाखांहून अधिक मिळवणाऱ्या या १८ जणांना आपल्या हातात काही खास कला आहे असे वाटेल, आणि जाहिरातीला चेहरेही त्यांचेच मिळतील. उरलेल्या ९८२ जणांना कोणी काही विचारणार नाही.

मग खरे केव्हा कळेल?

‘जास्त स्पर्धा खेळल्या की नशिबाचा भाग निघून जाईल’ असे म्हटले जाते. हे बरोबर आहे. प्रश्न एवढाच की जास्त म्हणजे किती?

निकालांची पसरण मोजण्यासाठी ‘प्रमाण विचलन’ वापरतात. आपल्या कुशल बाईंच्या बाबतीत एका स्पर्धेचे प्रमाण विचलन सुमारे १०,९४० रुपये येते, आणि सरासरी नफा आहे फक्त ३५० रुपये. स्पर्धांची संख्या वाढेल तसा एकूण नफा त्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, पण विचलन तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून पुरेशा मोठ्या संख्येला नफा विचलनाच्या पुढे निघून जातो. नफा विचलनाच्या दुप्पट व्हावा, म्हणजे तो नशिबाने दिसत नाही असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता यावे, अशी अट घातली तर स्पर्धांची संख्या येते सुमारे ३,९००.

आठवड्याला एक स्पर्धा खेळली तर याला ७५ वर्षे लागतील.

प्रत्यक्षातील स्पर्धांत बक्षीस एकालाच न मिळता अनेकांत वाटले जाते, त्यामुळे पसरण थोडी कमी होते. उलट खऱ्या स्पर्धांत शंभराऐवजी हजारो खेळाडू असतात, त्यामुळे ती वाढते. नेमका आकडा बदलेल, पण निष्कर्ष बदलत नाही. काही डझन स्पर्धांच्या निकालावरून, मग तो चांगला असो की वाईट, खेळाडूचे कौशल्य ठरवता येत नाही.

भांडवल आणि पत्ती

पुन्हा दहा फेऱ्यांच्या बोटीकडे येऊ. समजा मालकाकडे ६०,००० रुपये आहेत आणि मोठी फेरी नेमकी दहावी आहे. पहिल्या नऊ फेऱ्यांत दर वेळी ५,००० रुपये कमी होत जातात आणि हाती १५,००० उरतात. दहाव्या फेरीला २०,००० लागतात. धंदा सरासरीने नफ्याचा असूनही हा मालक नफ्याच्या फेरीपर्यंत पोहोचतच नाही. त्याच्याकडे आणखी ५,००० रुपये असते तर तो पोहोचला असता.

संभाव्यताशास्त्रात याला जुगाऱ्याच्या दिवाळखोरीचा प्रश्न म्हणतात. आपल्या कुशल बाईंकडे एकूण एक लाख रुपयेच असतील, तर पहिल्या शंभर स्पर्धांतच सर्व रक्कम संपण्याची संभाव्यता, वर पाहिल्याप्रमाणे, २२ टक्के आहे. कौशल्य असूनही पाचांतली एक बाई कायमची बाहेर पडते.

यावर उपाय एकच, आणि तो मासेमारांना फार पूर्वीपासून माहीत आहे. जोखीम वाटून घेणे. मासेमारीत अनेक ठिकाणी मिळकतीचे बोटीचा, जाळ्याचा आणि माणसांचा असे वाटे पाडतात, त्यामुळे रिकाम्या फेरीचा सगळा भार एकावर पडत नाही. व्यावसायिक पोकर खेळाडूही आपल्या प्रवेशशुल्कात इतरांची पत्ती घेतात आणि बक्षीस त्या प्रमाणात वाटतात. सारख्या कुशलतेच्या दहा खेळाडूंनी एकमेकांत दहावा-दहावा हिस्सा ठेवला, तर प्रत्येकाचा सरासरी नफा तेवढाच राहतो आणि पसरण मात्र दहाच्या वर्गमुळाने भागली जाते, म्हणजे एक-तृतीयांशाहूनही कमी होते. पण यामुळे एक गोष्ट विसरायला नको. एखाद्याला कोटीचे बक्षीस मिळाल्याचे आपण वाचतो, तेव्हा त्यातील त्याचा स्वतःचा वाटा किती, हे बातमीवरून कळत नाही.

कर आणि कायदा

आपल्या देशात आणखी एक वजाबाकी होते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने लॉटरी, शर्यती आणि पत्त्यांच्या खेळांतील जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर ठेवला आणि ती रक्कम मिळवण्यासाठी केलेला खर्च त्यातून वजा करण्यास मनाई केली. याचा परिणाम पाहा. ३० टक्के सरासरी नफा मिळवणारा खेळाडू १०,००० रुपयांच्या १०० स्पर्धा खेळला. त्याने १० लाख भरले आणि त्याला १३ लाख मिळाले. नफा ३ लाखांचा, पण कर १३ लाखांवर, म्हणजे ३ लाख ९० हजार. हाती उरले ९ लाख १० हजार. जगातील कुशल खेळाडूंच्या सरासरीएवढा खेळूनही तो ९० हजारांनी तोट्यात गेला. अशा हिशोबात केवळ बरोबरीत यायलाही सुमारे ४३ टक्के नफा लागतो. अधिभार आणि उपकर यांत धरलेला नाही. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांसाठी भरलेली रक्कम वजा करून निव्वळ मिळकतीवर कर घेण्याची वेगळी तरतूद आली.

कायद्यापुढचा प्रश्न मात्र बहुधा वेगळाच राहिला आहे. पन्नासच्या दशकात प्रवेशशुल्क घेऊन चालणाऱ्या शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धा मुंबई राज्यात गाजल्या होत्या. त्यांच्यावरील निर्बंधांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५७ साली न्यायालयाने चमारबागवाला खटल्यांत सांगितले, की जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, पण ज्या स्पर्धेतील यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते ती स्पर्धा जुगार ठरत नाही. १९६८ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे न्यायालयाने म्हटले. पोकरबाबत गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली उलट मत दिले. महाराष्ट्रात कॅसिनोंसाठी १९७६ साली झालेला कायदा कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. गोव्यात मांडवी नदीतील परवानाधारक कॅसिनो-जहाजांवर पोकर खेळला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा भेद केलेला नाही.

‘हा खेळ कौशल्याचा आहे का?’ आणि ‘हा खेळ खेळून माझ्या हाती काही उरेल का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. पहिल्याचे उत्तर ‘होय’ असले तरी दुसऱ्याचे उत्तर बहुसंख्यांसाठी ‘नाही’ असेच येते. जाहिराती पहिल्याचे उत्तर देऊन दुसऱ्याचे दिल्यासारखे दाखवतात.

वर्गात करून पाहा

हा प्रयोग एका तासात होतो. खरे पैसे, अगदी एक रुपयासुद्धा, वापरू नयेत. फळ्यावर काल्पनिक चिंचोक्यांचा जमाखर्च मांडावा.

दहा विद्यार्थी निवडा. नऊ जणांच्या नावाची प्रत्येकी एक चिठ्ठी आणि दहाव्याच्या नावाच्या दोन चिठ्ठ्या डब्यात टाका. हा दहावा म्हणजे आपला कुशल खेळाडू. प्रत्येक डावाला दहाही जणांच्या नावावर १० चिंचोके खर्च मांडा. जमलेल्या १०० पैकी १० चिंचोके शिक्षकांच्या नावे जमा करा. मग एकामागून एक चिठ्ठ्या काढा. पहिल्या नावाला ५०, दुसऱ्याला २५ आणि तिसऱ्याला १५ चिंचोके. एकच नाव पुन्हा निघाले तर ती चिठ्ठी सोडून पुढची काढा. प्रत्येक डावानंतर सर्व चिठ्ठ्या पुन्हा डब्यात टाका. असे २० डाव करा.

वरच्या वर्गातील विद्यार्थी याचे गणितही मांडू शकतील. कुशल खेळाडू पहिला, दुसरा आणि तिसरा येण्याच्या संभाव्यता अनुक्रमे १०/५५, ९/५५ आणि ८/५५ येतात. त्याचे अपेक्षित मूल्य ८४५/५५, म्हणजे सुमारे १५.४ चिंचोके. इतरांचे प्रत्येकी सुमारे ८.३. म्हणजे कुशल खेळाडूला दर डावाला सुमारे ५.४ चिंचोक्यांचा नफा आणि इतरांना १.७ चा तोटा. तरीही कुठल्याही एका डावात कुशल खेळाडूला काहीच न मिळण्याची संभाव्यता २८/५५ आहे, निम्म्याहून जास्त.

वीस डावांनंतर तीन प्रश्न विचारावेत. सर्वांत जास्त नफा कोणाला झाला, आणि तो कुशल खेळाडूच आहे का? साधारण खेळाडूंपैकी कोणी नफ्यात आहे का, आणि चिठ्ठ्यांची संख्या माहीत नसती तर आपण त्याला काय म्हटले असते? कोणाचा नफा आधीच अचूक सांगता आला असता? तिसऱ्याचे उत्तर फळ्यावरच असते. शिक्षकांच्या नावे २०० चिंचोके जमा असतात, आणि प्रयोग कितीही वेळा केला तरी तेवढेच असतात.

धाकटी डहाणू, गुंगवाडा, तडियाळे अशा गावांतील शाळांना याच्या जोडीने एक खरा उपक्रमही करता येईल. घरच्यांच्या संमतीने, नावे न लिहिता, काही बोटींच्या एका महिन्यातील फेऱ्यांची वही ठेवावी. तिच्यात तीन रकाने असावेत: फेरीचा खर्च, माशांचे आलेले पैसे आणि दोहोंतील फरक. रिकाम्या हाताने परतलेल्या फेऱ्याही न चुकता लिहाव्यात. मग सरासरी काढावी आणि मध्यगा काढावी. दोन्हींत किती अंतर पडते ते पाहावे.

तुलना करताना एक भेद मात्र स्पष्ट करावा. बोट समुद्रातून मासे आणते. ते कोणाच्या तरी ताटात जातात, आणि एका बोटीला चांगली फेरी मिळाली म्हणून दुसरीच्या खिशातून पैसे जात नाहीत. सगळ्या बोटी मिळून नफ्यात राहू शकतात. पत्त्यांच्या टेबलावर ते शक्य नाही. तिथे बसलेले सगळे मिळून, आयोजकांचा हिस्सा दिल्यावर, तोट्यातच उठतात. त्यांतले काही कुशल, पुरेसे भांडवल असलेले आणि हजारो डावांपर्यंत धीर धरू शकणारे लोक नफा मिळवतात, ही गोष्ट खरी आहे. पण तो नफा टेबलावरच्या इतरांनी भरलेल्या शुल्कातूनच येतो.

तेव्हा यापुढे कोणी विद्यार्थी ‘अमक्याला इतके मिळाले’ असे सांगत आला, तर त्याला दटावण्याची गरज नाही. वहीतला पहिला रकाना उघडून विचारावे: त्याने किती वेळा भरले होते, आणि त्याच्याबरोबर आणखी किती जणांनी भरले होते?